ती कुठे निघाली होती

ब्रिटा आणि मी एका खोलीत राहायला आलो, ते कुणीतरी यादीत आमची नावं शेजारी लिहिली म्हणून. बिश्केकच्या माझ्या विद्यापीठानं मला एका वर्षासाठी मिनेसोटात पाठवलं होतं. तिकडची दोन मुलं त्या बदल्यात आमच्याकडे आली होती. पहिल्या दिवशी ब्रिटानं माझं नाव तीनदा चुकवलं. चौथ्यांदा म्हणाली, "बुरुल. आता नाही चुकणार." आणि खरंच कधी चुकली नाही.

होस्टेलमधल्या बाकीच्या पोरी शहरातल्या. आम्हा दोघींच्याच घरी गुरं होती. तिच्या वडिलांकडे ऐंशी गाई होत्या, आमच्याकडे गावी, नारिनला, तीन आणि एक घोडी. नोव्हेंबरच्या सुट्टीत ती मला तिच्या लहान लाल गाडीतून घरी घेऊन गेली, तेव्हा तिचे वडील कर्ट मला थेट गोठ्यात घेऊन गेले. "हातानं काढतेस म्हणे दूध? बघू तरी." मी काढून दाखवलं. ते ओरडले, "मार्सी, बाहेर ये! यंत्र विकून टाकू आपण!"

मार्सी म्हणजे ब्रिटाची आई. बोलायला करारी, पण जेवणाच्या टेबलाशी तिनं माझ्या ताटात चार वेळा वाढलं. नावानंच हाक मार, म्हणाली. मला ते जमेना. मी तिला मार्सी एजे म्हणायला लागले. आमच्यात मोठ्या बहिणीला, कुठल्याही मानाच्या बाईला एजे म्हणतात. तिला ते इतकं आवडलं की फोनवरसुद्धा ती "एजे बोलते आहे" असंच म्हणायची.

मार्चमध्ये आठवडाभराची सुट्टी लागली. मी शिकागोला आमच्या गावच्या एका कुटुंबाकडे गेले. नोरूझचा, आमच्या नववर्षाचा सण तिथंच केला, गव्हाच्या मोडांचा सुमोलोक ढवळला, आणि आग्रह झाला म्हणून एक दिवस जास्त राहिले. त्यामुळे थेट बस चुकली. दुसरी बस मला हमरस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर सोडणार होती. तिथून विद्यापीठ गाडीनं पाऊण तास. मी बसमधूनच ब्रिटाला फोन केला.

"न्यायला येशील का गं?"

"खायला काय आणलंयस ते आधी सांग."

"सुमोलोक. बरणी भरून."

"ते फोटोत चिखलासारखं दिसणारं? दोन बरण्या आणायच्या होत्यास! निघालेच मी. हलू नकोस तिथनं."

मी चार वाजता उतरले. पाऊस पडत होता आणि रस्त्याला टेकताच त्याचा बर्फ होत होता. मी पंपाच्या दुकानात काचेपाशी बसून राहिले. साडेचार झाले. मी लिहिलं, "कुठे आहेस?" मग लिहिलं, "थंडीनं मेले मी इथे." पाचला दहा कमी असताना लिहिलं, "काय गं म्हशे, झोपलीस का?"

सव्वापाचला एक पोलीस कॉफी घ्यायला आला. काउंटरवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "पुलापाशी रस्ता बंद केलाय. गाडी घसरली. लहान लाल गाडी."

मी उभी राहिले. "कसली लाल गाडी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "पोरी, तू कुणाची वाट बघते आहेस?"

ब्रिटाला निरोप द्यायला चर्चमध्ये सगळं गाव आलं होतं. कुणी मोठ्यानं रडलं नाही. मार्सी एजे दाराशी ताठ उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होती, "घरी यायला निघाली होती. न सांगता. आम्हाला चकित करायला." पेट्रोल पंपाचा रस्ता आणि त्यांच्या शेताचा रस्ता एकच. पूल दोन्हीकडे जाताना लागतो. तिचा फोन फुटून गेला होता.

माझी पाळी आली तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुला तरी बोलली होती का गं, घरी जाते म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

विद्यापीठाकडून एक पत्र आलं. एक बाई येऊन विचारून गेल्या, कुणाशी बोलावंसं वाटतं का. चौथ्या दिवशी वर्गातून परतले तर पलीकडच्या पलंगावर नुसती गादी होती. आमच्याकडे माणूस गेलं की बायका राहुटीत भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याला हाका मारत, मनात असेल ते सगळं सुरात बोलून रडतात. माझी आत्या त्यात मोठी नावाजलेली. ती सांगायची, तिथं खोटं बोलता येत नाही, गळाच धरतो. मी रोज अंघोळीच्या नळाखाली तोंड दाबून रडत होते. मैत्री सात महिन्यांची. तिच्या घरच्यांपुढे माझं दुःख किती मोठं म्हणून सांगायचं?

एप्रिलच्या शेवटी फोन आला. "एजे बोलते आहे. तू म्हणाली होतीस ना, तुमच्याकडे चाळिसाव्या दिवशी काहीतरी करतात?"

"तेल तापवतो. पिठाचे तुकडे तळतो. त्याचा वास गेलेल्या माणसाला पोचतो म्हणतात."

"मग ये. पीठ आहे, तेल आहे."

कर्ट मला घ्यायला आले. मार्सी एजेनं बाही वर करून स्वतः पीठ मळलं. मी लाटलं, कापलं, कढईत सोडलं. पहिला घाणा फुगून वर आला, तेल दरवळलं. मी भिंतीकडे वळले. आत्याचा सूर माझ्या तोंडून आमच्या भाषेत यायला लागला. किती वेळ ते मला ठाऊक नाही. थांबले तेव्हा मार्सी एजे माझ्या मागे उभी होती आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा ओला होता.

"काय म्हणत होतीस? मला सांग. एकेक शब्द सांग."

मी गप्प राहायला हवं होतं. चांगलंचुंगलं काहीतरी जुळवून सांगता आलं असतं. पण त्या सुरानंतर मला खोटं बोलवेना.

"मी म्हणत होते... माझ्या एका फोनवर तू धावत आलीस. बस मी चुकवली आणि रस्त्यावर तू गेलीस. मी तुला झोपलीस का म्हणून हिणवत होते, आणि तू..."



मार्सी एजेनं हात लांब करून शेगडी बंद केली. "म्हणजे ती घरी येत नव्हती."

"नाही."

"आमच्याकडे येत नव्हती."

"नाही, एजे."

तिनं हाताला लागलेलं पीठ सावकाश पुसलं. मग जिना चढून वर गेली. दार लागल्याचा आवाज आला. आम्ही तासभर वाट पाहिली, ती खाली आली नाही.

परतताना कर्टच मला सोडायला निघाले. शेतांमधलं पाणी चमकत होतं. पूल ओलांडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्या पोलिसानं त्याच दिवशी सांगितलं मला, पंपावर एक मुलगी थांबली होती म्हणून."

"मग तुम्ही मला काहीच कसं..."

"काय बोलायचं? तुझा काय दोष? रस्ता निसरडा होता." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "पण पोरी, मार्सीला नको होतं सांगायला. ती रोज सकाळी त्याच एका गोष्टीवर उठत होती. मी चाळीस दिवस तोंड मिटून होतो."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रड," आणि मी थांबेपर्यंत समोर बघत बसले.

मे महिन्यात विमानतळावर तेच मला सोडायला आले. मार्सी एजे गाडीत असेल म्हणून मी मागच्या काचेतून आत दोनदा पाहिलं. नव्हती. "तिचा राग नाहीये तुझ्यावर," कर्ट म्हणाले. "तुझ्याकडे बघवत नाही तिला, एवढंच." मग त्यांनी माझी बॅग उचलून रांगेपर्यंत आणली.

त्याला आता चार वर्षं झाली. मी नारिनच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मार्सी एजेला मी तीन पत्रं लिहिली. पहिल्या दोनांत माफी मागितली. तिसऱ्यात फक्त ब्रिटाबद्दल लिहिलं: ती सकाळी किती बेसूर गायची, परीक्षेच्या आधी माझेच मोजे कसे घालून जायची, आईचा फोन आला की पलंगावर मांडी घालून कशी बसायची. उत्तर एकाचंही आलं नाही.

माझी आई म्हणते, "पत्रं परत तर आली नाहीत ना? मग वाचत असेल बिचारी."

मी हो म्हणते. आमच्या पोस्टात परदेशातून परत आलेलं पत्र मी आजवर कुणाचंही पाहिलेलं नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.