अढी

“अढी घालावी फळांना, अढी धरू नये मनी.” असं गुणगुणत आई खाटेखाली गवत पसरायची आणि त्यात कच्ची फळं निजवायची, पाळण्यात लेकरू निजवावं तशी. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तरी फळाला हात लावला की धाकटीच्या कानात तो आवाज हमखास यायचा.

आज हातात किवीची सहा फळं होती, दगडासारखी टणक. थोरल्या बहिणीच्या घशाखाली आता मऊ तेवढंच उतरत होतं. कालच डॉक्टरांनी धाकटीला जिन्यात थांबवून सांगितलं होतं, “मागतील ते द्या.” त्याचा अर्थ न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. आणि थोरलीने मागितलं ते हे. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईने एक फोड दिली होती, तेव्हापासून ती चव तिच्या जिभेवर बसली होती.

“अगं, हे काय आणलंस? बटाट्याला दाढी आलीय!” थोरली उशीवरूनच म्हणाली. “मी खाल्लं ते हिरवंगार होतं.”

“दाढीच्या आत हिरवंच असतं. जरा कळ काढ.”

“कळ काढायला वेळ कुणाकडे आहे, बाई?”

धाकटी रिकामं खोकं शोधायला उठली.

घरात गवत कुठलं? पण थोरलीने जन्मभर पुस्तकं बांधलेली; कागदाच्या कात्रणांचं पोतं कोपऱ्यात अजून तसंच होतं. धाकटीने खोक्यात कात्रणं पसरली, फळं मांडली आणि मधोमध एक पिकलं सफरचंद ठेवलं. त्याच्या संगतीने बाकीची लवकर पिकतात, असं फळवाला म्हणाला होता.

थोरलीला कुठला दम! रोज दुपारी ती खोकं मांडीवर घ्यायची आणि एकेक फळ अंगठ्याने दाबायची, पुठ्ठा नीट चिकटला का ते बघावं तशी.

“दाबू नकोस गं, डागाळतील.”

“मग काय करू? तुझ्यासारखी गप्प बसू?”

टोमणा जुनाच होता. आई गेली तेव्हा थोरली परगावी होती. तिला कळलं दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. “फोन लागला नाही,” एवढंच धाकटी म्हणाली होती. थोरलीनेही पुढे काही विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं. मनातली अढी दिसत नाही, वास तेवढा घरभर सुटतो. धाकटीला तो सहा वर्षं येत होता. आता तर दिवसही थोडे उरले होते. थोरली गेल्यावर खरं सांगायचं कुणाला? भिंतींना?

पाचव्या दिवशी खोकं उघडलं तर आंबूस भपकारा आला. पाच फळं दाबून दाबून काळवंडली होती. तळाशी, सफरचंदाला बिलगून, एकच शाबूत राहिलं होतं. थोरलीच्या अंगठ्याला ते सापडलंच नव्हतं. धाकटीने ते अलगद कापलं आणि चमच्याने भरवलं. एक चमचा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला थोरलीने मान वळवली.

“पुरे. आईला आवडलं असतं, नाही?”

“हं.”

थोरलीची नजर खिडकीकडे गेली. मग तिकडेच बघत म्हणाली, “शेवटी माझं नाव घेतलं का गं तिने?”

धाकटीने चमचा वाटीत ठेवला. ‘नाही’ म्हटलं असतं तर सुटका होती.

“घेतलं,” धाकटी म्हणाली. “सारखं घेत होती. नऊ महिने तिचं सगळं मी केलं, ताई, आणि तोंडात नाव तुझं. मला फार लागलं गं ते.” तिने वाटी खाली ठेवली. “फोन लागला नाही, असं नव्हतं. मी लावलाच नाही.”