एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

हौशीराम चैतालीला मांडवात खोटारडी म्हणाला, तेव्हा माझ्या गळ्यात सप्ताहाची वीणा होती. वीणा गळ्यात असली की नामाशिवाय बोलायचं नसतं, म्हणून तो वाचला.

चैताली आमच्या वडिवळ्याची. कामशेतला गणित शिकवते आणि कीर्तन असं करते की टाळ धरलेला हात खाली येत नाही. काल्याचं, म्हणजे शेवटच्या दिवसाचं कीर्तन तिचं ठरलं होतं. त्याआधी प्रवचनात तिने १४२८५७ ही संख्या सांगितली. दुप्पट केली की २८५७१४, तिप्पट केली की ४२८५७१. तेच आकडे, त्याच क्रमाने, भजनात गोल फिरल्यासारखे. सहापटीपर्यंत असंच. आणि सातपट केली की ९९९९९९.

"सात दिवस नाम घेतलं की असं होतं," ती म्हणाली. "लहानमोठा कुणी उरत नाही."

माझे तर डोळे भरून आले.

सप्ताह कमिटीच्या हौशीरामलाही आवडलं. त्याने लगेच संख्या मांडवाच्या दारावरच्या पाटीवर रंगवून घेतली, पण १२४५७८ अशी. कंपनीत जाणाऱ्या राजेंद्रने मोबाईलवर दुप्पट केली. आले २४९१५६. लोक हसले, आणि हौशीराम तिलाच खोटारडी म्हणाला. कमिटीने कीर्तन काढून कार्ल्याच्या बुवांना दिलं. तिला साधं विचारलंसुद्धा नाही.

माझा वीणेचा पहारा संपला. वीणा सखारामच्या गळ्यात घातली आणि तडक हौशीरामला गाठलं.

"आकडे का हलवलेस?"

"हलवलं कुटं, निवृत्तीभाऊ? सहाच्या सहा हायेत. कीर्तनाला ल्हान पोरं म्होरं बसत्यात, मोठी मागं. तसं बसवलं."

"मग उद्या पखवाजवाला बायकांत बसवतो अन् बुवांना चपलांपाशी. माणसं तीच हायेत की."

चैताली आली. तिने पाटीवरच्या आकड्यांखाली खडूने खरी संख्या लिहिली, सातने गुणली. हौशीराम नवांच्या ओळीकडे बघत राहिला.

"पाटी बदलू," तो म्हणाला. "पर बुवांना सांगून झालंय. पोरगी घरचीच हाय, घेईल समजून."

हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. घरची म्हणून तिनेच गिळायचं?

"पाटीचं र्‍हाऊ दे. फोन लाव बुवांना, माझ्यासमोर."

त्याने लावला. "बुवा, काल्याला चैतालीच उभी राहणार. हितं पाटीची जरा गडबड झालती."

"पाटीची?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझी, बुवा. चूक माझी झाली."

"बास, भाऊ," चैताली हळूच म्हणाली.

मला बास वाटत नव्हतं. खोटारडी सगळ्या मांडवात म्हणाला होता. मी हौशीरामला म्हटलं, "आता चल आत. माईक चालू हाय."