तिसरी किल्ली माझ्या तोंडात आहे

मी कुलूप बोलतोय. कापलेला आहे, पण आज कुणाची भीडभाड ठेवणार नाही.

जन्म अलिगढचा. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मोरेश्वरांनी मला विकत घेतलं आणि मिशिगनला, नोव्हायला नेलं. ते एका चिमुकल्या बेटदेशाचे मानद कॉन्सुल, म्हणजे इथले बिनपगारी सरकारी प्रतिनिधी. नकाशावर शोधत बसू नका. ऊसमळ्यांवर राबायला गेलेल्या कोकणी माणसांची पतवंडं तिथली. त्यातली काही इथे गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, घरी अजून मराठीच बोलतात. देशात पक्ष एकच. मतपत्रिकेवर नावही एकच, खाली ‘होय’ आणि ‘नाही’. इथल्या लोकांची मतपेटी मोरेश्वरांच्या बेसमेंटमध्ये, तिच्या कडीला मी.

त्या मतदारांतले राजारामकाका दर वेळी ‘नाही’वर फुली मारायचे. जेवणाच्या सुट्टीत मोरेश्वर मला उघडून ‘नाही’च्या चिठ्ठ्या काढायचे आणि बार्बेक्यूत जाळायचे. निकाल शंभर टक्के ‘होय’.

“अरे, मी नाही म्हटलं होतं!”

“राजाराम, चष्मा बदल. फुली चुकली असेल.”

लोक हसायचे. किल्ली फिरली की उघडायचं, एवढंच मला ठाऊक. काका गेले ते फुली चुकवणारा म्हातारा म्हणूनच. त्या दिवशी मी डूख धरला.

यंदा बेटांवर बत्तीस वर्षांनी पुन्हा अनेक पक्षांची निवडणूक लागली. माझ्या दोन्ही किल्ल्या पाकिटात सील होऊन यामिनीकडे गेल्या. ती इथे पीएचडी करते आणि विरोधी पक्षाची प्रतिनिधी होती. मोरेश्वरांनी मात्र गुपचूप तिसरी करून ठेवली होती. सगळे वर जेवायला गेले आणि ती माझ्या तोंडात शिरली. मी आतून गंजलो होतो. सगळी ताकद एकवटून दात आवळले. कट्! अर्धी किल्ली माझ्यातच राहिली.

मोजणीच्या वेळी यामिनीची किल्ली आत जाईना. तिनं टॉर्च मारला. “आत काहीतरी अडकलंय. पिवळा तुकडा.”

“जुनं कुलूप आहे यार, जॅम झालं. ही पेटी कॅन्सल करू,” मोरेश्वर घाईघाईनं म्हणाले.

राजारामकाकांच्या अहिल्याकाकू उठल्या. “कॅन्सल काही नाही. कापा. कटर तुमच्या गाडीच्या ट्रंकमध्ये असतो ना? किल्ल्या द्या.”

सगळे बघत होते. मोरेश्वरांनी जुडगा टेबलावर ठेवला. त्यात मोडक्या किल्लीचं पिवळं डोकं लटकत होतं.

“आता सांगा, मोरेश्वरभावजी,” काकू म्हणाल्या, “फुली कुणाची चुकत होती?”

कुणी हसलं नाही. मग मला कापलं. दुखलं, पण मोरेश्वरांचा चेहरा बघून सगळं भरून पावलं. त्या दिवशी एकूण एक चिठ्ठी मोजली गेली.

आता मी काकांच्या फोटोखाली असतो. मोरेश्वर दोनदा माफी मागायला आले. काकूंनी चहा दिला आणि मला त्यांच्या कपाशेजारी ठेवलं. तुम्हांला एकच विनंती: तो तुकडा माझ्या तोंडातून काढू नका. ते तिसऱ्यांदा येणार आहेत.