चोवीस महिन्यांचा पत्ता

"मानूस रानात मरून पडला तरी चालंल, पन महिन्याचे चार डॉलर वाचले पायजेत. असंच ना?" वर्नानं बोलायच्या वायरलेस रेडिओचं बटण दाबून विचारलं, बटण सोडलं आणि स्कोन नावाच्या गोल पावांच्या पिठाला पुन्हा हात घातला.

थोडा वेळ नुसती खरखर आली. तिचा नवरा क्लेम तिकडे मेंढ्यांना वैरण टाकत होता. गवताचे गठ्ठे गाडीच्या हौद्यातून खाली लोटायचे, चार पावलं गाडी पुढं घ्यायची, पुन्हा लोटायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे हे काम सुखानं करू देत नाहीत. दोन गठ्ठ्यांच्या मधे दम खात त्यानं खिडकीतून हात घातला आणि रेडिओ तोंडाशी धरला.

"आन् फोनचा करार केला म्हंजी मानूस मरत न्हाई का?"

"मरतो. पन निदान फोन करून मरतो."

बोलणं नवराबायकोचं होतं, पण ऐकायला अख्खा मुलूख होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे ब्रिज गावाच्या पुढं, मॅली भागातल्या त्या तांबड्या वाळूत घरं दोन-दोन कोसांवर. प्रत्येक स्वयंपाकघरात आणि प्रत्येक गाडीत रेडिओ, आणि सगळे एकाच चॅनलवर. एकानं बटण दाबलं की बाकीच्यांनी गप ऐकायचं. बोलायचं नसलं पण ऐकलं एवढं कळवायचं असलं, तर बटण दोनदा नुसतं खट्-खट् करायचं. खाजगी बोलायचं ते घरात बोलावं, हे सगळ्यांना कळत होतं; पण वर्ना-क्लेमचं घरात बोलून बोलून संपलं होतं. पंधरा दिवस हेच चाललं होतं.

झालं होतं असं की कंपन्यांनी मोबाइलचं जुनं जाळं बंद केलं आणि क्लेमचा बटणांचा फोन एका दिवसात खेळणं झाला. त्याच्या आदल्या साली पल्याडच्या रानात त्याची मोटरसायकल वाळूत घसरली होती, घोटा मोडला होता. तेव्हा तो फोन खिशात होता म्हणून अर्ध्या तासात शेजारच्या नेव्हिलनं त्याला उचलून आणलं. आता खिसा रिकामा. रेडिओ गाडीत असतो, मोटरसायकलवर नाही; आणि हातात धरायच्या छोट्या रेडिओचा आवाज वाळूची टेकडी ओलांडत नाही. क्लेम रोज सकाळी मेंढ्यांच्या हौदाचं पाणी बघायला टेकडीपलीकडं जायचा, आणि तो परत येईपर्यंत वर्नाचं लक्ष कशातच लागायचं नाही.

म्हणून तिला करार हवा होता. दोन वर्षं महिन्याला बिल भरायचं, त्यातच चांगला धडधाकट फोन जवळजवळ फुकटात पडतो, आणि जाळं मोठ्या कंपनीचं, थेट पल्याडच्या रानापर्यंत पोचणारं. क्लेमला हवं होतं सुपरमार्केटातलं स्वस्त कार्ड. अठ्ठावीस दिवसांचं भरायचं, अठ्ठावीस दिवस वापरायचं, नको वाटलं की भरायचं नाही.

"मधी बोलते हां, राग मानू नका," पूर्वेकडच्या डल्सी हेन्शकेचा आवाज आला. ती मधे बोलते हे सांगायची गरज नव्हती. "माझा कराराचाच हाय. लई झ्याक फोन. नातवाचे फोटू असे येत्यात की त्याच्या नाकातला शेंबूडसुदा दिसतो."

"फोन फुकट नसतो डल्सी," नेव्हिल म्हणाला. नेव्हिल एकटा राहायचा आणि त्याला बोलायला कारण लागायचं नाही. "बिलात घातलेला असतो. तू दोन वर्सं त्या फोनचेच पैसे भरतीस, आन् वर त्यांचे आभार मानतीस."

"आन् तुझं ते कार्ड? धान्याच्या सायलोच्या पुढं आलं की तुझा फोन मुका व्हतो. परवा तुझी गाय रस्त्यावर आली व्हती, चारदा लावला मी."

"गाय आली परत."

"ती पायानं आली, तुझ्या फोनवर न्हाई."

क्लेमनं बटण खट्-खट् केलं, म्हणजे ऐकलं, आता पुरे.

मे महिना अर्धा सरला होता; तिकडे एव्हाना हिवाळी पाऊस लागायला हवा. पेरणी कोरड्यातच केली होती, बी वाळूत पडून होतं आणि पाऊस कुठं दडून बसला होता कुणास ठाऊक. लागोपाठ तिसरं वर्ष. दुपारी उत्तरेचा वारा सुटला आणि कुंपणाच्या तारांवर माती चढायला लागली. वर्नानं खिडक्या लावून घेतल्या, उंबऱ्याला ओलं फडकं लावलं. तेवढ्यात कपाटावरचा रेडिओ पुन्हा खरखरला आणि क्लेमचा आवाज आला. पण तो तिच्याशी नाही, त्यांच्या जिप कुत्र्याशी बोलत होता.

"तिकडं सरक की जिप. समदी सीट काय तुझ्या बापाची हाय?"

वर्नाच्या लगेच लक्षात आलं. रेडिओचा माइक सीटवर पडला असणार आणि जेवणाच्या डब्याखाली बटण दाबलं गेलं असणार. असं वर्षातून एकदा कुणाचं ना कुणाचं होतंच. आणि एकदा झालं की काही करता येत नाही. त्याचं बटण दाबलेलं असेतो दुसऱ्या कुणाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. ऐकत बसायचं, नाहीतर आवाज बारीक करायचा.

तिनं हात पुढं केला, तोवर क्लेम बोलायला लागला होता.

"तिला वाटतं मी चिक्कू हाय. वाटू दे." कुत्र्याची पाठ थोपटल्याचं ऐकू आलं. "चोवीस महिने म्हनं. पत्ता इचारत्यात जिप, करार करताना. काय लिवू मी? सप्टेंबरात लोकरीची कातरनी झाली की मेंढरं जायची. त्या अॅडलेडच्या मानसाला मी तोंडानं हो म्हनून बसलोय. जमीन, घर, शेड, समदं इकायचं म्हनून. पोरगं काय खानीतलं काम सोडून यायचं न्हाई. मला बी आता गठ्ठा उचलत न्हाई, तुला दिसतंच. मग खोट्या पत्त्यावर सही कशी ठोकायची?"

वारा मधे आला, चार शब्द गेले.

"हिला कसं सांगू? अठ्ठेचाळीस वर्सांमागं हितं आनली तिला. हितं पाऊस पडतो म्हनून सांगितलं व्हतं मी. धुन्याच्या पान्यावर लिंबाचं झाड जगवलं तिनं. आज सांगतो म्हनतो. रोजच म्हनतो."

गाडीचं दार उघडलं, डबा उचलला गेला, आणि रेडिओ बंद झाला.

वर्ना खुर्चीवर बसली. तिला राग आला. आपल्याला न विचारता हा माणूस होऽ म्हणून बसला, कुत्र्याला सांगतो आणि बायकोला सांगत नाही. आणि रागाच्या खाली कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं, त्याचा तिला अजून राग आला. ती दमली होती. उंबऱ्याला फडकी लावून, मेंढ्यांच्या बरगड्या मोजून, रोज सकाळी टेकडीकडं बघून दमली होती. फक्त ते तिनं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

रेडिओवर कुणी एक शब्द बोललं नाही. तिकडच्या पाच-सहा घरांत सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कुणीच ऐकलं नव्हतं. चुकून दाबल्या गेलेल्या बटणाच्या बाबतीत त्या भागात हीच रीत होती. संध्याकाळी डल्सी फळांचा केक घेऊन आली, कुठलंही निमित्त नसताना.

"रेडिओ बिघडलाय माझा," ती बसायच्या आतच म्हणाली. "दुपारधरनं काय ऐकूच येत न्हाई."

"बरं झालं," वर्ना म्हणाली आणि तिनं सुरी आणली. दोघींनी केक खाल्ला आणि घोट्याच्या दुखण्यावर गप्पा मारल्या.

क्लेमनं त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुरुवारी दोघं दीड तास गाडी हाकून मरे ब्रिजला गेले. वाटेत क्लेम दोनदा घसा खाकरून पेट्रोलच्या भावाबद्दल बोलला.

फोनच्या दुकानात टेगन नावाची पोरगी होती, विशीतली, बोलायला चटपटीत पण मनानं चांगली. तिनं दोघांना बसवलं, नकाशा काढला, पल्याडच्या रानावर बोट ठेवलं.

"इथं तुम्हाला आमचं जाळं मिळेल. त्या स्वस्त कार्डाचं नाही मिळणार, ते सायलोपाशी थांबतं. करार घेतला तर हा फोन. पाण्यात पडला, मातीत पडला, काही होत नाही. मधेच सोडलं तर फोनचे उरलेले पैसे तेवढे भरायचे."

"चांगला हाय," क्लेम फोन हातात घेऊन म्हणाला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला आणि जपून खाली ठेवला.

टेगननं कॉम्प्युटरवर नावं घातली. "आणि पुढचे चोवीस महिने पत्ता हाच राहील ना, क्लेम?"

क्लेमनं टोपी काढली. ती गुडघ्यावर ठेवली. टोपीच्या आतल्या घामाच्या पट्टीकडं तो बघत राहिला. वर्नाला वाटलं, आता हा हो म्हणेल आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यादेखत खोटं बोलेल. ते तिला बघायचं नव्हतं.

"ठावं न्हाई," तिनंच उत्तर दिलं. "पोरी, करार ऱ्हाऊ दे."

क्लेमची मान वर आली.

"तुमच्याच जाळ्याचं, पन आधी पैसे भरायचं कार्ड असतं ना? अठ्ठावीस दिवसांचं नको. वर्साचं."

"असतं की. एकदाच भरायचं, तीनशे पासष्ट दिवस. पण मग फोन तुमचा तुम्हाला घ्यावा लागेल."

"नव्या जाळ्यावर चालंल असा बटनांचा दे. त्याची बोटं जाड हायेत."

परतीच्या वाटेवर सायलो मागं पडला. मग क्लेम म्हणाला, "तुला तर करार पायजे व्हता."

"पायजे व्हता."

"मग?"

"आता नको. वर्सभराचा पत्ता तर कुनीबी सांगू शकतं."

क्लेमनं रस्त्यावरची नजर काढली नाही. वर्नानं खिडकीबाहेर बघितलं. दोघांनाही बोलायचं होतं आणि घर आलं.

शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला. क्लेम फोन खिशात घेऊन जायचा आणि खिशात घेऊन यायचा. कशाला लावू, रोज संध्याकाळी भेटतोच आपण, असं त्याचं म्हणणं. सोमवारी सकाळी तो मोटरसायकलवर जिपला मागं बसवून टेकडीपलीकडं गेला. वर्ना पीठ मळत होती. दहाच्या सुमारास भिंतीवरचा फोन वाजला. तिचे हात तसेच पिठात थांबले, घोटा आठवला, आणि तिनं पीठ लागल्या हातानंच रिसीव्हर उचलला.

"पडलास?"

"न्हाई. उभा हाय." वाऱ्याचा आवाज येत होता. "हौदाचा तो पान्यावर तरंगायचा गोळा मोडलाय, तोटी बंद व्हईना. पानी वाहून चाललंय."

"बरं."

"लागतोय फोन हितनं. चांगला लागतोय."

"ऐकू येतंय."

तिनं खुर्ची ओढून घेतली आणि वाट बघितली. घाई केली असती तर तो हौदाकडं परत गेला असता, हे तिला अठ्ठेचाळीस वर्षांनी माहीत होतं.

"म्हातारे," तो म्हणाला, "घरात न्हाई बोलता येत मला. तुझं तोंड बघितलं की न्हाई बोलता येत." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. अॅडलेडचा माणूस, मेंढ्या, सप्टेंबर, गुडघे, लिंबाचं झाड. कुत्र्याला सांगितलं होतं त्याच क्रमानं, फक्त सावकाश. मधे एकदा त्याचा आवाज फाटला तेव्हा त्यानं वाऱ्यावर ढकललं.

वर्ना रडली. आवाज न करता, पिठाचा हात गालाला लावून.

"मला इचारायचं व्हतंस," ती म्हणाली.

"व्हय."

"आधी मला. मग जगाला."

"अजून कुनाला न्हाई सांगितलं, तुझी शपत. फकस्त जिपला."

वर्नाला हसू आलं, ते तिनं गिळलं. "सप्टेंबर न्हाई, क्लेम. वर्साचं कार्ड घेतलंय आपुन. पैसे भरल्यात. त्या मानसाला सांग, फुडच्या मे महिन्यात ये. एक पीक बघू, एक कातरनी. झाडाला यंदाची लिंबं येऊ देत. मग मी माझ्या पायानं निघंन."

"तो थांबला न्हाई तर?"

"तर दुसरा येईल. आता तो गोळा नीट कर, पानी चाललंय."

तिनं फोन ठेवला. हात धुतले. पीठ पार सुकून गेलं होतं, ते तिनं कोंबड्यांसाठी बाजूला काढलं. कपाटावरचा रेडिओ थोडा खरखरला आणि गप झाला, पुन्हा खरखरला. कुणीतरी बटण दाबून धीर गोळा करत होतं.

"वर्ना," शेवटी डल्सीचा आवाज आला, एरवीपेक्षा अर्धा. "क्लेम गाडीत न्हाई ना?"

"न्हाई. मोटरसायकल नेलीय. त्याला काय ऐकू येत न्हाई."

"सांगितलं का गं त्यानं?"

वर्नानं बटण दाबलं. "सांगितलं," ती म्हणाली आणि बटण सोडलं.

मग हेन्शक्यांच्या घरून खट्-खट् आलं. नेव्हिलच्या घरून खट्-खट्. मग एकेक करून बाकीच्या घरांतून, आणि सगळ्यात शेवटी, बराच वेळ गेल्यावर, इतक्या लांबून की ते कोण हे तिला ओळखूही आलं नाही.