जुळ्यांचा बोकड

बोकड आला तो बैलगाडीतून, तोही गवताच्या बिछान्यावर. सावर्ड्याहून वर डोंगर चढून येईपर्यंत तो गाडीत उभाच होता म्हणे. गाडी वाडीत शिरली तेव्हा त्याचं डोकं गाडीवानाच्या मुंडाशाच्याही वर दिसत होतं. रंगाने पांढराशुभ्र, कान हातभर लोंबलेले, आणि चेहऱ्यावर भाव असा की आपण कुठल्या जंगलात येऊन पडलो! सन एकोणीसशे बत्तीसचा वैशाख होता. मुंबईचे चाकरमानी सुटीवर आले होते, त्यामुळे बघ्यांना तोटा नव्हता. सगळी वाडी भिकाजी खोताच्या अंगणात लोटली.

राहीही आली होती. बायकांच्या घोळक्यात उभी राहून तिने त्या बोकडाला खुरांपासून शिंगांपर्यंत बघून घेतलं आणि शेजारच्या जनीच्या कानाशी म्हणाली, "देखणा हाय गो. पण पाय बघ. असले पाय कातळावर चढायचे नायत, गादीवर ठेवायचे."

जनी फिसकन हसली. खोताने वळून पाहिलं आणि ती पदराआड गेली.

बोकडाबरोबर पुण्याहून पेंडसेसाहेब आले होते. सरकारातून शेळ्यांची जात सुधारायला निघालेला हा तरुण माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. हातात वही, खिशात मोजायची फीत, डोक्यावर टोपी. ओटीवर बसून त्याने पहिलाच प्रश्न मोठा चांगला विचारला. म्हणाला, "मंडळी, तुम्हाला शेळीत काय हवं, ते मला सांगा. तुमचं ऐकायलाच मी आलोय."

प्रश्न चांगला, पण विचारला कुणाला? ओटीवर बसलेल्या पुरुषांना. त्यातले निम्मे वर्षाचे अकरा महिने परळच्या चाळीत राहणारे, आणि उरलेले खोताच्या तोंडाकडे बघून बोलणारे. एक म्हणाला उंची हवी, दुसरा म्हणाला दूध हवं, तिसऱ्याला म्हणे पांढरा रंग आवडतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. वाडीत एकाही बाप्याने कधी पावसात शेळीचं पिल्लू पोटाशी घेऊन रात्र काढलेली नव्हती. ते काम बायकांचं, आणि बायकांना कुणी विचारलं नाही. साहेबाने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मग अट सांगितली. बोकड खोतांना फुकट, मात्र गावातले बाकीचे सगळे बोकड खच्ची करायचे. तशी कबुली खोतांनी लिहून दिली होती. आठ दिवसांनी, सोमवारी, साहेब चिमटा घेऊन येणार होते.

ते ऐकताच राही घोळक्यातून बाहेर पडली. कारण वाडीतला बिनखच्ची बोकड एकच होता, आणि तो तिचा होता.

त्याचं नाव खुज्या. नावाप्रमाणे ठेंगणा, मातकट काळा, एक शिंग वाकडं. त्याला बघून कुणी गाडी पाठवली नसती. पण त्याच्या लेकी पाहाव्यात! तीन वेतांत दोन वेळा तरी जुळी द्यायच्या, पिल्लू स्वतःहून आचळाला लागायचं, आणि मृगापासून गणपतीपर्यंत चिखलात उभं राहूनही कुणाचं खूर सडायचं नाही.

आता जुळ्यांचं एवढं कौतुक का, ते सांगायला हवं. वाडीतल्या बहुतेक शेळ्या होत्या खोताच्या, पण राखायच्या बायका. ही अर्धलीची रीत. शेळी मालकाची, राबणूक बाईची. शेळी व्यायली की पहिलं पिल्लू मालकाचं आणि दुसरं राखणारणीचं. दर वेताला हाच वाटा. जुळं झालं तर एक तुमचं, एक आमचं. एकच झालं तर ते खोताच्या गोठ्यात जायचं, आणि बाईच्या हाती सहा महिन्यांच्या राबणुकीबद्दल रिकामं दावं. खुज्या हे राहीला अर्धलीत मिळालेलं पहिलं पिल्लू. त्याच्या लेकींच्या जुळ्यांवरच तिच्या दारात स्वतःच्या म्हणाव्यात अशा चार शेळ्या उभ्या राहिल्या होत्या. नवरा महिपत मुंबईला गोदीत होता. तो पाठवी ते घरात जाई. शेळ्या मात्र तिच्या होत्या.

आणि उंच बोकडाचं पुढे काय होतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचं माहेर हेदवीकडचं. तिथे चार वर्षांमागे एका व्यापाऱ्याने असाच उंचापुरा बोकड आणला होता. लहान चणीच्या शेळ्या, पोटात मोठालं पिल्लू. तिच्या आईच्या दोन शेळ्या अडून मेल्या. ज्या लेकी जगल्या त्या दिसायला मोठ्या झकास, पण देत एकेकच पिल्लू, तेही पहिल्या पावसाळ्यात खोकून खोकून आडवं व्हायचं. बडा घर पोकळ वासा!

"काय करशील गो?" जनीने विचारलं.

"खुज्याला हात लावू देणार नाय," राही म्हणाली.

"खोत चरायचा सडा बंद करील. मग चारशील कुठं, माझ्या डोक्यावर?"

राहीला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण भीती वाटते म्हणून आपला बोकड दुसऱ्याच्या चिमट्यात द्यायचा, हे तिला पटेना.

सोमवारी सकाळी ती खुज्याला घेऊन खोताच्या अंगणात गेली. मागे जनी आणि पाचपंचवीस बायका होत्या, कारण आठ दिवस घरोघर जाऊन त्यांना तयार करण्यावाचून राहीने दुसरं काही केलंच नव्हतं. साहेबाने चिमटा बाहेर काढला. खोताचा गडी बाबू दावं घ्यायला पुढे झाला. राहीने दावं मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरलं.

"साहेबानू," ती म्हणाली, "तुमी त्या दिवशी विचारलात, शेळीत काय हवा. आमाना कधी विचारणार?"

खोत म्हणाला, "राही, घरी जा. ह्या बापयांच्या गोष्टी हायत."

"बापयांच्या? मग त्यांनीच सांगावा, त्या खोतांच्या तांबड्या शेळीला मागच्या पावसात काय झाला होता." तिने ओटीकडे पाहिलं. "सांगा की. कोण सांगताय?"

ओटीवर ते एकालाही ठाऊक नव्हतं, ते बायकांनाच ठाऊक. साहेब मात्र चिमटा खाली ठेवून उभा राहिला. माणूस सरकारी असला तरी त्याला कान होते. "बरोबर आहे," तो म्हणाला. "प्रत्येकीने आपण राखता त्यातली सगळ्यात चांगली शेळी इथे आणा, आणि चांगली का, ते सांगा."

खोताला हे रुचलं नाही, पण सरकारी पाहुण्याला नाही कसं म्हणणार? बायका घरी गेल्या आणि एकेक शेळी घेऊन परतल्या. साहेबाने फीत काढून प्रत्येकीची उंची मोजली. आणि मोजता मोजता त्याच्या कपाळावर आठी पडली, कारण एकीनेही आपली उंच शेळी आणली नव्हती.

"ही का?" त्याने जनीला विचारलं.

"जुळी देते. आणि दुसरीचा पोरका पिल्लूसुदिक पाजते."

"ही?"

"साहेबानू, ही लंगडत नाय," सखू म्हणाली. "चार म्हैने चिखल असतो आमच्याकडे."

"ही सांजेला एकटी घरी येते," तिसरी म्हणाली. "मी शेतात लावणीला असते, तिला हाकायला कोण जाणार?"

"पाला कसला घाला, खाते. तोंड वाकडा करीत नाय."

साहेब लिहीत गेला. दुधाचं नाव एकीनेच घेतलं, तेही पिल्लाला पुरतं म्हणून. शेवटी त्याने वही मिटली आणि विचारलं, "ह्यांतल्या किती ह्या बोकडाच्या?"

बायकांनी एकेक हात वर केला. तेवीस शेळ्यांतल्या सतरा खुज्याच्या निघाल्या. साहेब वाकून त्या वाकड्या शिंगाच्या बोकडाकडे बघत राहिला, आणि खुज्याने त्याची फीत चावायला घेतली.

"खोत," साहेब म्हणाला, "कबुली तुमची आहे. तुम्ही म्हणत असाल तर हा एक बोकड वगळावा, असं मी वर लिहितो."

भिकाजी खोताची मान ताठ झाली. आपल्या अंगणात, सरकारी पाहुण्यादेखत एक राखणारीण त्याला शेळ्या शिकवत होती. "वगळायचा नाय," तो गरजला. "शेरडां माजी. बोकड मी सांगीन तोच. हिला नको असेल तर हिने सड्यावर पाय ठेवायचा नाय."

शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड. राहीच्या मस्तकात तिडीक गेली. इतका वेळ धरून ठेवलेली भीती कुठे गेली तिलाच कळलं नाही.

"शेरडां तुमची?" ती म्हणाली. "मग घ्या तुमची तुमी."

तिने खुज्याचं दावं जनीकडे दिलं, आपण राखत असलेली खोताची चंद्री शेळी पुढे ओढली, ओटीची पायरी चढली आणि शेळीचं दावं भिकाजी खोताच्या हातात ठेवलं.

ही गोष्ट परक्याला साधी वाटेल. वाडीत तसं नव्हतं. दावं मालकाच्या हातात दिलं की अर्धल मोडली. मालकाने शेळी परत नेली तर बाईची बदनामी, बाईने दिली तर मालकाची. आणि खोताच्या हातात दावं ठेवणारी बाई वाडीने आजवर पाहिली नव्हती.

राहीला वाटलं, संपलं, आपण एकटीच. मग जनी पुढे आली. खुज्याचं दावं तिने राहीला परत दिलं आणि आपल्याकडच्या शेळीचं दावं खोताच्या हातात ठेवलं. मग सखू. मग बायकांची रांगच लागली. बाकीच्यांनी घरून उरलेल्याही आणल्या. दुपारपर्यंत खोताच्या अंगणात त्याच्या चाळीस शेळ्या, त्यांची पिल्लं आणि मधोमध तो पांढरा पाहुणा, असा बाजार भरला. खुज्या तेवढा राहीबरोबर घरी गेला. साहेबाने चिमटा पिशवीत घातला आणि म्हणाला, "खोत, आज माझी तब्येत ठीक नाही. हे काम पुढच्या खेपेला बघू." असा तो साहेब होता.

पुढचे तीन दिवस वाडीने मनसोक्त करमणूक करून घेतली. शेळ्या बाईच्या हाकेला वळतात, गड्याच्या काठीला नाही. पहिल्या सांजेला त्यांनी खोताच्या आवारातली हापूसची सात कलमं बुंध्यापर्यंत सोलली. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेलं धोतर खाल्लं. बाबू एकीला बांधी तोवर तिघी सुटत. बाबूने चार माणसं मागितली, पण चाकरमान्यांना आपल्याच बायकांच्या हातची भाकरी खायची होती. कुणाला शेळ्या राखायची सवड निघाली नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पिल्लं. कुठलं पिल्लू कुठल्या शेळीचं हे बायकांनाच ठाऊक, त्यामुळे ती रात्रंदिवस ओरडत राहिली, आणि राहीला आपल्या घरात बसून ते ऐकवत नव्हतं. दोनदा ती उठून दारापर्यंत गेली. चंद्रीचा आवाज तिला ओळखू येत होता. पण ती गेली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भिकाजी खोत स्वतः तिच्या अंगणात आला. डोळे तारवटलेले होते.

"शेरडां घेऊन जावा," तो म्हणाला. "तुमचा बोकड ठेवा. सडा मोकळा."

शेजारून ऐकणाऱ्या जनीला वाटलं, मिळालं की सगळं. पण राही पायरीवरून उठली नाही.

"तुमचा बोकडसुदिक ठेवा, खोतानू. कोणाला हवा ती नेईल त्याच्याकडे. पण रीत बदलायची. जुळा झाला तर एक तुमचा, एक आमचा. एकच झाला तर ता आमचा."

"एकच झाला तर? आणि मना काय?"

"शेळी हाय की तुमची."

खालून खोताच्या घराकडून पिल्लांचा ओरडा ऐकू येत होता. शेवटी त्याने होकाराची मान हलवली आणि तो निघून गेला. दुपारी बायका जाऊन आपापल्या शेळ्या घेऊन आल्या. चंद्री राहीच्या हाताला दोन ढुशा देऊन मगच शांत झाली.

पाऊस लागला. पांढऱ्या बोकडाला खोताने फळ्यांचा माचा करून दिला, पण ओल कुठे चुकते? श्रावणात त्याचं खूर नासलं, भाद्रपदात तो खोकू लागला. राहीने बाबूकडून निरोप धाडून खुराला लावायला हळद आणि कडू तेल सांगितलं, कारण जनावराचा काय दोष? तो जगला. पण एकही बाई आपली शेळी त्याच्याकडे घेऊन गेली नाही.

आश्विनात एका सकाळी बाबू खोताच्या घरच्या दोन शेळ्या घेऊन राहीच्या दारात उभा राहिला. दोन्ही माजावर आल्या होत्या.

"खोतांनी धाडलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "खुज्याकडे."

राही शेणाने अंगण सारवत होती. तिने हात थांबवला नाही. "खोतांना सांग, स्वतः या."

बाबू गेला. उन्हं वर आली तेव्हा भिकाजी खोत चढण चढून आला. दोन शेळ्यांची दावी त्याच्याच हातात होती, आणि वाटेतल्या प्रत्येक दारात एक बाई उभी होती. राहीने हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पेंडसेसाहेबाने ओटीवर बसून विचारला होता तोच प्रश्न तिने विचारला, तशाच शांत आवाजात.

"खोतानू, तुमाना शेळीत काय हवा?"

खोताने तोंड फिरवलं. शेजारच्या दारातून जनी बघत होती. सखू बघत होती.

"जुळी," भिकाजी खोत म्हणाला.

राहीने खुंट्याशी जाऊन खुज्याचं दावं सोडलं.