सुतकाचे दहा दिवस

मालूने आपल्या सासूला मारून टाकलं होतं. म्हणजे खरोखर नव्हे, शाळेच्या अर्जात. पण जिला मारलं तीच सासू उरण-पनवेल एस.टी.त शेजारी खिडकीशी पाय वर घेऊन बसलेली असताना या फरकाचा मालूला फारसा आधार वाटत नव्हता. ठमाबाई धडधाकट होती. सत्तरी उलटली तरी दात आणि आवाज दोन्ही शाबूत होते, आणि आज दोन्हींची गरज पडणार अशी तिची खात्री होती. नातीच्या शाळेतून चिठ्ठी आली होती ना.

चिठ्ठी एका ओळीची. 'सुनीताच्या पालकांनी शुक्रवारी सकाळी समक्ष भेटावे.' खाली नववीच्या वर्गशिक्षिका देवधर बाईंची सही. त्या घरात अशी चिठ्ठी याआधी एकदाच आली होती, तीन वर्षांपूर्वी, थोरल्या निकेशच्या वेळी, दुसऱ्या शाळेतून. तेव्हा मालूचा नवरा जगन गेला होता. हजेरी भरत नाही म्हणून तिथल्या मुख्याध्यापकांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं आणि हातात पोराचा दाखला ठेवला. निकेश तेव्हापासून जासईच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात कामाला लागला तो लागलाच. शाळा बोलावते ती दाखला द्यायलाच, हे जगनच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं होतं.

"मी येकदा गेलो तवा पोराचा दाखला घेऊन आलो," तो चिठ्ठी परत करत म्हणाला. "आता तू जा."

"ती येकटी काय बोलंल?" ठमाबाई आतून म्हणाली. "बाईंसमोर उभी राह्यली तं नाव पन सांगता येनार नाय तिला. मी जाते संगती."

मालूने नाही नाही ते सांगून पाहिलं. ऊन फार आहे, गाडीला गर्दी असते, तुमचे गुडघे. ठमाबाईने गुडघे चोळले, ठेवणीतलं लुगडं काढलं आणि मालूच्या आधी रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

त्याचं असं झालं होतं. जासईच्या अलीकडे खाडीकाठी त्यांचं मिठागर होतं. फेब्रुवारीत मीठ असं धरलं की ते ओढून गोळा करायला माणसं मिळेनात, कारण गावातली निम्मी माणसं यार्डात लागलेली. सुनीताला घरी ठेवावं लागलं. ताप आल्याचा अर्ज त्या वर्षात चार वेळा देऊन झाला होता. पाचव्यांदा ताप लिहायची मालूला लाज वाटली. ठमाबाई तेव्हा आपल्या लेकीकडे महिनाभर राहायला गेली होती, घरात नव्हती. आणि मालूला सुचलं की सुतकाला कोणी काही विचारत नाही. शिवाय सुतक असतं दहा दिवसांचं, आणि काम होतं बरोबर दहा दिवसांचं. "लिव, आजी वारली," ती म्हणाली. सुनीताने पेन खाली ठेवलं. मालूने ते उचलून परत तिच्या हातात दिलं.

पनवेलच्या स्टँडवर उतरल्यापासून मालूच्या मनात तेच घोळत होतं. आता बाई म्हणणार, आजी वारली होती ना, मग ह्या कोण? त्यानंतर दाखला. आणि मग सुनीता कुठे? यार्डात मुलींना कोण घेतं? मिठागरावरच, जन्मभर, आपल्यासारखी. पोरीला गणित येतं. बाजारातला हिशेब ती तोंडावर करते आणि दुकानदार गप्प बसतो. हे सगळं आपल्या एका वाक्याने गेलं, असं वाटून तिला शाळेच्या पायऱ्या चढवेनात. ठमाबाई मात्र दोन-दोन पायऱ्या घेत वर पोचलीसुद्धा.

शिक्षकांच्या खोलीत देवधर बाई एकट्या वह्या तपासत होत्या. चाळिशीच्या, पुण्याहून बदलून नवीन पनवेलला आलेल्या, चष्मेवाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"या, सुनीताच्या आई ना? बसा. आणि ह्या?"

"मावशी," मालू घाईने म्हणाली. "गावातल्या मावशी."

"मावशी कोनाची?" ठमाबाई खुर्चीत बसता बसता म्हणाली. "मी सुनीताची आजी. जगनची सख्खी आय."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग टेबलाच्या खणातून सुनीताचा अर्ज काढून तो दोनदा वाचला. मालूला वाटलं, आता बाईंनी काही विचारायच्या आधी आपणच बोलून टाकावं.

"बाई, मी मारली यांना," ती म्हणाली. "मीच लिवायला लावलं. मीठ ओढायला मानूस नव्हता. पोरगी नाय म्हनत होती, तिनं पेन खाली ठेवला होता. मला काय ते बोला. तिचा दाखला नका देऊ."

"दाखला?" बाई म्हणाल्या. "दाखला कोण देतंय?"

मग त्यांनी टेबलावरचा दुसरा कागद मालूसमोर सरकवला आणि त्यात काय आहे ते सांगितलं. तो त्यांनी स्वतः आदल्या दिवशी लिहून ठेवला होता. सुनीताची हजेरी नऊ दिवसांनी कमी पडत होती, तेवढ्याने तिला वार्षिक परीक्षेला बसता आलं नसतं. घरात मृत्यू झालेला, म्हणून ते दहा दिवस माफ करावेत, अशी मुख्याध्यापकांना विनंती होती. फक्त पालकांची सही समक्ष हवी होती, एवढ्यासाठी बोलावलं होतं.

मालू त्या कागदाकडे बघत राहिली. गप्प बसून नुसती सही केली असती आणि सासूला घरी ठेवलं असतं, तर पोरगी आतापर्यंत परीक्षेला बसल्यासारखीच होती.

"मी रडले हो तुमच्यासाठी, आजी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण राग आला होता आणि तो लपत नव्हता. "सुनीता वर्गात आली, मी जवळ घेऊन विचारलं, तर पोर हुंदके देऊन रडायला लागली. माझी आजी गेल्या साली गेली, मला पुण्याला वेळेवर पोचता आलं नाही. मीही तिच्याबरोबर रडले. सगळा वर्ग दोन मिनिटं उभा केला. आणि इथे मीठ ओढणं चाललं होतं. तसं लिहायचं ना सरळ."

मालूने पहिल्यांदाच मान वर केली. "तसं लिवलं असतं तर तुमी सोडलं असतं पोरीला?"

"नसतं सोडलं," बाई म्हणाल्या. "वर दोन शब्द सुनावले असते."

ठमाबाई इतका वेळ एकदा सुनेकडे, एकदा बाईंकडे बघत होती. आता ती सुनेकडे वळली. "मला मारलंस, गो?"

"तुमी लेकीकडं होता, आई. समोर असता तर जीभ रेटली नसती."

"मीठ निघालं का समदं?"

"निघालं."

"मंग झालं." ठमाबाईने पदर सारखा केला आणि ती बाईंना म्हणाली, "बाई, मेलं कोन? मी. माजी तक्रार हाय? नाय. मंग पोरीचं वरीस कशापायी बुडवता?"

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, पण खांदे हलायला लागले आणि मग त्या मोठ्याने हसल्याच. डोळे पुसून त्यांनी जुना अर्ज आणि नवा कागद दोन्ही फाडले, कोरा कागद घेतला आणि लिहिता लिहिता वाचून दाखवू लागल्या. मिठागरावर माणूस न मिळाल्याने मुलीला दहा दिवस कामासाठी घरी ठेवले. आधी खोटे कारण दिले, त्याबद्दल दिलगीर आहोत. मुलगी अभ्यासात चांगली आहे, तिला परीक्षेला बसू द्यावे. मालूने एकेक अक्षर जोडत सही केली. ठमाबाईला सही येत नव्हती, पण ती हटून बसली. मेल्याचा कागद फाडला, तर जिवंत असल्याचा अंगठा हवाच, असं तिचं म्हणणं. बाईंनी शाईचं पॅड पुढे केलं.

कागद घेऊन बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मालू सासूशेजारी व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आतून मुख्याध्यापकांचा आवाज चढलेला ऐकू आला, मग बाईंचा. मालूने नखांनी पदराचं एक टोक पार उसवून टाकलं. आपण खरं बोलून पोरीला आणखी खड्ड्यात घातलं की काय, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "साहेब चिडले," त्या म्हणाल्या. "मलाही बोलले, चौकशी न करता विश्वास ठेवलात म्हणून. मग म्हणाले, पोरगी कशी आहे? म्हटलं, गणितात वर्गात दुसरी. केली सही."

मालूला उठायचं होतं, बाईंच्या पाया पडायचं होतं. यातलं काही जमलं नाही. तिने बसल्या जागी तोंडाला पदर लावला आणि ती पोटभर रडली. इतकं हलकं तिला निकेशच्या जन्मानंतर वाटलं नव्हतं. बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

"पुढच्या हंगामाला आधी मला येऊन सांगा," त्या म्हणाल्या. "दहा दिवस सोडणार नाही. चार सोडीन, आणि त्या चार दिवसांचा अभ्यास रविवारी माझ्या घरी. मान्य आहे का?"

"पाच," ठमाबाई म्हणाली.

"चार, आजी."

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुली भराभर बाहेर आल्या. सुनीता मैत्रिणींच्या घोळक्यात होती. व्हरांड्यात आई, बाई आणि आजी एका बाकावर बसलेल्या दिसल्या आणि ती जागच्या जागी थांबली.

"कोण गं ह्या?" शेजारच्या मुलीने विचारलं.

सुनीताने बाईंकडे पाहिलं. बाई तिच्याकडे बघून हसल्या.

"माझी आजी," सुनीता म्हणाली.

"अगं, पण ती तर..."

"नाही. मी खोटं सांगितलं होतं. हीच माझी आजी."

ठमाबाईने हाताने नातीला जवळ बोलावलं, समोर उभं केलं आणि शाई लागलेला अंगठा गालाला लागू नये म्हणून उलट्या हाताने तिचा चेहरा वर केला.

"माज्यासाठी रडलीस म्हनं वर्गात?"

सुनीताने खाली बघत मान डोलावली.

"लय रडलीस?"

"लय."

ठमाबाई सुनेकडे वळली. "बघ," ती म्हणाली, "हे मेल्यावर कळलं नसतं मला."