लाल धाग्याची पिल्लं

कुत्र्यांना रेबीजच्या सुया टोचायचा दिवस ठरला आणि कुत्री धरायचं काम कुसुमावतीच्या गळ्यात पडलं. गावातली बावीस कुत्री जगतात तिच्या भाकरीवर, तेव्हा हाकही तिचीच ओळखतात. बाकी बाया कापूस वेचायला गेलेल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत.

तरी म्हातारी उठली ती दिरापायी. दोन वर्षांमागं त्या धाकट्या दिराला, नत्थूजीला, एका पिल्लाचा दात लागला. 'पिल्लूच तं हाये' म्हणत त्यानं मिरची चोळली, मनगटाला मंतरलेला धागा बांधला आणि दीड महिन्यानं पाण्याच्या गडव्याला भीत भीत मेला. तेव्हापासून कुसुमावती मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिल्लांना जास्त भ्यायची. आता तिच्याच बंद पडलेल्या हातमागाच्या खड्ड्यात चिमणी कुत्रीची तीन महिन्यांची चार पिल्लं होती आणि नात खुशी दिवसभर त्यांच्यात लोळायची.

नागपूरहून डॉक्टर मिनल मॅडम बर्फाच्या डब्यात लस घेऊन आल्या. टोचलेल्या कुत्र्याला खूण करायचा रंग त्यांचा मदतनीस गोविंदा विसरून आला होता. मग कुसुमावतीनं मागावरची उरलेली लाल सुताची कांडी दिली. टोचलं की गळ्यात धागा.

ढेकळं तुडवून तिचे पाय भरून आले. शेवटचा कालू कुत्रा तुरीत शिरला, त्यानं तास घालवला. त्याला टोचून मॅडम पुढच्या गावाला गेल्या, तेव्हा कुठं ती घरी टेकली. खड्ड्यात पाहिलं तर पिल्लांच्या गळ्यात धागे, पण मळलेले. मागच्या अमावस्येला दृष्ट लागू नये म्हणून तिनंच बांधले होते ते, त्याच कांडीचे.

सून दामिनी म्हणाली, तुम्ही कालूमागं होता तेव्हा मॅडमनी घरी येऊन चिमणीला टोचलं, पिल्लांचे धागे पाहून ती झालीत म्हणाल्या आणि गेल्या. कुसुमावतीला स्वतःचाच राग आला. उद्या जा, असं दामिनी म्हणत होती, पण उद्या त्या कुठल्या सापडतात?

चारही पिल्लं टोपलीत घालून, टोपली डोक्यावर घेऊन ती तीन किलोमीटर चालत पुढच्या गावाला गेली. मागून चिमणी. तिथं मॅडम डबा बंद करत होत्या.

"आजी, यांच्या गळ्यात धागे आहेत ना?"

"माहीच चूक हाये, बाई. टोचा."

चार सुया झाल्या. गोविंदानं जुने धागे तोडून नवे बांधले. परतताना पिल्लांनी टोपलीत एकमेकांचे धागे कुरतडून टाकले. घरी येईपर्यंत एकाच्याही गळ्यात काही उरलं नव्हतं.

खुशी घाबरली. धागा गेला तर सुई उतरेल असं तिला वाटलं. ती घरात दुसरा धागा शोधू लागली.

"आजी, बांध ना वं परत."

कुसुमावती खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली होती. उठायचं त्राण नव्हतं.

"नोको. सुई आंगात गेली, तेच काम हाये. धागा तं तुह्या लहान्या आबाच्या हाताले बी होता."

खुशीनं शोधणं सोडलं.

"जाय, पानी आन मले," म्हातारी म्हणाली.